मॉलीच्या लेपाच्या बुलेट आणि .३०८ ची नळी: साफ कधी, किती आणि कशी?

तात्या_टेक्सासकर

बोल्ट-अ‍ॅक्शन .३०८ (बुलेटचा व्यास, इंचांत) रायफल आहे, नळी स्टेनलेस, २६ इंची, दर १० इंचांत एक पीळ. सेकंडहँड घेतली. आधीचे मालक फक्त मॉलीचा (एका काळ्या कोरड्या वंगणाचा) लेप दिलेल्या १६८ ग्रेन वजनाच्या मॅच, म्हणजे सामन्याच्या, बुलेट वापरायचे. रायफलीसोबत त्यांनी तशाच बुलेटचे डबे आणि लोडची (काडतुसात कोणती पावडर किती, याची) वहीही दिली. मी रीलोडिंग (काडतूस स्वतः भरणं) साध्या, म्हणजे तांब्याचं आवरण असलेल्या पण लेप नसलेल्या बुलेटवर शिकलोय, मॉलीशी आत्ताच संबंध येतोय. प्रश्न असे:

१. नळी नीट साफ केली की पुढच्या आठ-दहा गोळ्या कुठेही जातात. त्यानंतर ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा घोळका) पाऊण एमओएवर (एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच) येऊन स्थिरावतो. हे मॉलीमुळे का?

२. तांब्याच्या सॉल्व्हंटचा पॅच (नळीतून फिरवायचा कापडाचा तुकडा) तांबं सुटल्यावर होतो तसा निळा येतच नाही, काळा-करडा येतो, आणि कितीही पॅच घातले तरी करडाच येत राहतो. मग नळी साफ झाली असं कधी समजायचं?

३. त्यांच्या वहीतली पावडर माझ्या पुस्तकातल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी जास्त आहे. पण क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग पुस्तकाइतकाच दिसतो. असं कसं?

४. डबे संपले की साध्या बुलेटवर जायचा विचार आहे. मध्ये काय करावं लागेल?

रेंजवर एक म्हणतो, मॉली वापरलीस तर नळीला हात लावायची गरज नाही. दुसरा म्हणतो, मॉलीने नळी आतून गंजते. दोघांचेही ग्रुप माझ्यापेक्षा लहान आहेत, त्यामुळे कुणाचं ऐकावं कळेना.

चर_आणि_कडा

आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण बोटं आणि डोळे शाबूत राहण्याचा संबंध तिथे आहे.

मॉली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे उत्तम कोरडं वंगण. बुलेटचं जॅकेट (बाहेरचं आवरण) बहुधा गिल्डिंग मेटलचं असतं, साधारण ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. हे जॅकेट रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पीळदार चरांच्या) कडांमध्ये दाबून शिरताना जो विरोध होतो, त्यावर चेंबरमधला (काडतूस बसतं त्या पोकळीतला) दाब किती चढतो हे बऱ्याच अंशी ठरतं. लेपामुळे तो विरोध घटतो, दाब कमी चढतो, आणि तेवढ्याच पावडरीत वेगही कमी मिळतो. नळीनुसार फरक पडतो, पण .३०८ मध्ये ३० ते ६० फूट/सेकंदांची घट नेहमी दिसते. मग माणूस पावडर थोडी वाढवून वेग पूर्वीच्या जागी आणतो. वहीतला आकडा असाच तयार झालाय.

म्हणून त्या वहीतला लोड साध्या बुलेटखाली कधीही घालू नका. लेप गेला की विरोध परत येतो, आणि पावडर मात्र वाढवलेलीच राहते. बोल्ट जड उचलला जाणं, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) सपाट होणं, केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडावर इजेक्टरचा चकाकता ठसा उमटणं, ही सगळी लक्षणं त्याच चुकीची. उलट दिशेने धोका नाही, साध्या बुलेटचा लोड मॉलीखाली चालतो, फक्त वेग कमी पडतो. वहीच्या पानापानावर मोठ्या अक्षरात "फक्त मॉली" लिहून ठेवा. साध्या बुलेटसाठी नवी वही करा आणि मॅन्युअलच्या सर्वात खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. आणि ती वहीसुद्धा त्यांच्या पावडरीच्या लॉटची, त्यांच्या केसची, त्यांच्या सीटिंग डेप्थची (बुलेट केसमध्ये किती खोल बसवली त्याची) आहे. तुमच्याकडे यातलं काही बदललं असेल तर मॉलीचा लोडही खालून परत चढवत न्या.

आता दुसरा. तांब्याचं सॉल्व्हंट तांब्यावर काम करतं. मॉली कोणत्याही नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. सॉल्व्हंट भोवतालची काजळी सैल करतं, तिच्यासोबत मॉलीचे कण सुटून येतात, म्हणून पॅच करडा. तो पांढरा व्हायची वाट पाहिलीत तर पॅच संपतील, करडेपणा नाही. निळा येत नाही याचं कारणही तेच आहे. लेप जागेवर असताना जॅकेट थेट पोलादाला घासत नाही, तांबं फार थोडं उतरतं. मॉली वापरायची ती खरी यासाठीच.

पहिल्याचं उत्तर यातच आलं. तुमचा लोड जुळवलाय मॉलीचा पातळ थर बसलेल्या नळीसाठी. तुम्ही घासून तो थर काढता, मग प्रत्येक गोळी थोडा थोडा परत बसवते, आणि तोवर प्रत्येक गोळीला वेगळी नळी मिळते. घर्षण वेगळं, वेग वेगळा, म्हणून उभी पसरण. आठ-दहा गोळ्या हे लेपाच्या बुलेटसाठी अगदी नेहमीचं प्रमाण आहे. साध्या बुलेटला बहुतेक दोन-चारांत भागतं.

म्हणजे मॉली चालू ठेवायची असेल तर साफसफाई हलकी हवी. काजळी काढा, थर राहू द्या. माझा क्रम:

रायफल रिकामी आहे याची खात्री, बोल्ट बाहेर. क्रेडलमध्ये (रायफल धरणाऱ्या स्टँडमध्ये) तोंड किंचित खाली झुकेल अशी ठेवा, नाहीतर सॉल्व्हंट मागे ट्रिगरमध्ये आणि बेडिंगमध्ये (रायफल दस्त्यात बसते त्या जागेत) उतरतं. बोल्टच्या जागी बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी), तो चेंबरमध्ये घट्ट बसणारा. गाइड नसला की रॉड वाकतो आणि थ्रोटच्या (चेंबरपुढे रायफलिंग सुरू होतं त्या जागेच्या) एकाच बाजूला घासत राहतो. रॉड एकसंध हवा, लेपाचा किंवा चांगल्या स्टीलचा, मुठीत बेअरिंग असलेला, म्हणजे ब्रश रायफलिंगच्या पिळाबरोबर फिरतो. तीन तुकडे जोडायचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड घरात पडदा लावायला वापरा. त्याच्या सांध्यांत कचरा अडकतो आणि मऊ धातूत वाळूचे कण रुततात.

काजळीच्या सॉल्व्हंटचे दोन-तीन ओले पॅच, नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. दहा मिनिटं थांबा. नायलॉनचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून आठ-दहा पूर्ण फेऱ्या. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर येऊ द्यायचा. परत ओढताना रॉड मधोमध धरा, कारण तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ही जागा सगळ्यात नाजूक. तिथे एका बाजूला झीज झाली तर गोळी बाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो, आणि मग कितीही साफ केलं तरी ग्रुप येत नाही. शेवटी कोरडे पॅच, करडा फिकट झाला की थांबायचं. चेंबर वेगळ्या मॉपने पूर्ण कोरडं करायचं.

एवढंच. अमोनियाचं सॉल्व्हंट नाही, घर्षक पेस्ट नाही. यानंतर ग्रुप दोन-तीन गोळ्यांत जागेवर यायला हवा.

माधवी_मिलवॉकी

गंजाच्या मुद्द्यावर लिहिते, कारण दोन्ही बाजूंनी अर्धंच सांगितलं जातं.

मॉली स्वतः पोलादाला खात नाही. पण तिच्यात गंधक आहे. हवेत साधारण ३५० अंश सेल्सियसच्या वर ती ऑक्सिडाइज व्हायला लागते आणि मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड तयार होतो. गोळी सुटते त्या क्षणी नळीच्या आत मोकळा ऑक्सिजन फारसा नसतो. पण सलग गोळ्यांच्या लांब स्ट्रिंगनंतर थ्रोट तापलेलाच असतो, बोल्ट उघडला की हवा आत येते. पुढे त्या अवशेषांना ओलावा मिळाला तर आम्ल तयार होऊ शकतं. शिवाय थराखाली अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि वरून तेल लावलं तर ते पोलादापर्यंत पोचत नाही. म्हणून "मॉली आहे, साफ करायची गरज नाही" म्हणत रायफल पूर्ण मोसम तशीच कपाटात ठेवली, आणि हवा दमट असली, तर थर काढल्यावर खाली बारीक खड्डे निघू शकतात. ४१६ स्टेनलेसमध्ये हे हळू होतं, क्रोम-मॉली ४१४० मध्ये लवकर. स्टेनलेस म्हणजे अजिबात न गंजणारं नव्हे, मशीनिंगला सोपं जावं म्हणून ४१६ मध्ये गंधक मुद्दाम घातलेलं असतं आणि त्यामुळे त्याचा गंजरोध भांड्यांच्या ३०४ पेक्षा कमी असतो.

(नावांचा घोळ होऊ नये म्हणून: क्रोम-मॉली पोलादातली मॉली म्हणजे मॉलिब्डेनम धातू, लेपातली म्हणजे त्याचं सल्फाइड. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.)

मॉली नको असेल तर दोन पर्याय आहेत. टंगस्टन डायसल्फाइड: हेही सल्फाइडच, पण थोडं जास्त तापमान सोसतं. आणि हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड, ज्याला सगळे एचबीएन म्हणतात. त्यात गंधक नाही, ओलावा धरत नाही, हवेत ९०० अंशांच्या आसपास टिकतं. रंग पांढरा, त्यामुळे हात, टेबल आणि शर्ट काळे होत नाहीत. लेप दिलेली बुलेट दिसायला जवळजवळ साधीच दिसते, फक्त हातात बुळबुळीत लागते. म्हणून डब्यावर लिहिलं नाही तर घोटाळा ठरलेला, आणि लोडच्या बाबतीत वर दिलेला इशारा इथेही तंतोतंत लागू आहे.

एचबीएनचा त्रास वेगळाच. स्वच्छ नळीतून पहिल्या गोळ्या जास्तच भटकतात. त्यावर उपाय म्हणून काहीजण एचबीएनची चिमूट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून, पॅचवर घेऊन, पूर्ण कोरड्या नळीत दोन-तीनदा फिरवतात आणि अल्कोहोल उडून जाऊ देतात. अल्कोहोल पूर्ण सुकल्याशिवाय आणि चेंबर पुसल्याशिवाय काडतूस आत घालायचं नाही.

लेप घरी देताना बुलेट आधी साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून, अ‍ॅसिटोनने पुसाव्या लागतात. कारखान्याच्या तेलाचा अंश राहिला की लेप ठिपक्याठिपक्यांनी बसतो. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात शंभर बुलेट, त्या बुडतील इतके गुळगुळीत स्टीलचे छर्रे, पाव चहाचा चमचा पावडर, आणि टंबलरमध्ये (घुसळणाऱ्या यंत्रात) दोन-तीन तास. लेप चढतो तो छर्ऱ्यांच्या ठोक्याने, नुसत्या पावडरीत घोळून नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत गाजलेल्या नेको पद्धतीत यावर कार्नोबा मेणाचा एक हात असायचा, तो मुख्यतः हाताला काळं लागू नये म्हणून. पावडर भरताना मास्क लावा.

अण्णा_ओहायो

वरच्या दोघांशी बहुतांशी सहमत, पण मूळ प्रश्न कुणीच विचारला नाही: .३०८ मध्ये हे कशाला हवंय?

मॉलीची लाट आली ती डाकोटा-मोंटानाकडे प्रेअरी डॉगवर (बिळात राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्यावर) दिवसभर शेकडो गोळ्या झाडणाऱ्यांमुळे. .२२-२५० किंवा .२२० स्विफ्टसारख्या ३,७०० फूट/सेकंदांच्या पुढे पळणाऱ्या काडतुसांत तांबं भराभर बसतं, आणि माळरानावर तासातासाला रॉड काढणं कुणाला नको असतं. तिथे लेपाचा फायदा सरळ दिसतो. लांब पल्ल्याच्या सामन्यांत, जिथे मध्ये साफ करायला सवड नाही, तिथेही. .३०८ मात्र १६८ ग्रेनला जेमतेम २,६५०-२,७०० फूट/सेकंद देते. चांगल्या घासलेल्या कस्टम नळीत एवढ्या वेगावर तांबं बसतंच कमी. नळीचं आयुष्य वाढतं म्हणून मॉली वापरा, हाही युक्तिवाद मला पटत नाही. थ्रोट जळतो तो गरम वायूने. घर्षण कमी झाल्याने वायू थंड होत नाही, आणि घटलेला वेग भरून काढायला तुम्ही पावडर वाढवलीत तर उष्णता उलट थोडी वाढतेच.

काजळीच्या कड्याचा उल्लेख राहिला. केसचं तोंड जिथे संपतं आणि थ्रोट सुरू होतो, तिथल्या अरुंद फटीत काजळी भाजून काचेसारखी कडक होते. मॉलीच्या नळीत त्यात मॉली आणि मेणही मिसळतं, आणि हलक्या साफसफाईत ते तसंच राहतं. वाढत वाढत केसच्या तोंडाला आवळायला लागलं की बुलेट सुटताना मानेला फुलायला जागा मिळत नाही आणि दाब अचानक चढतो. ओळखायचं असं: लोड तोच, हवामान तेच, पण वेग अचानक ३०-४० फूट वर, आणि बोल्ट जड. लोक पावडरीला दोष देतात. खरं कारण अर्धा मिलिमीटर रुंदीचं कडं असतं. बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायचा कॅमेरा) असेल तर स्पष्ट दिसतं. नसेल तर एक कॅलिबर मोठा ब्रश, म्हणजे .३५ चा ब्राँझचा, काजळीच्या सॉल्व्हंटमध्ये भिजवून, छोट्या रॉडवर लावून हाताने चेंबरच्या टोकाशी गोल फिरवा. ड्रिल मशीन लावू नका. पंधरा मिनिटं भिजू द्या, परत फिरवा. हे दर दोनशे-अडीचशे गोळ्यांनी करा, मॉली असो वा नसो.

तात्या_टेक्सासकर

अण्णा, मग सरळच विचारतो: मॉली पूर्ण काढून साध्या बुलेटवर जायचं, हे ठरलं. क्रम सांगा. जेबी पेस्ट वापरायची म्हटलं की अर्धे लोक "नळी घासून टाकशील" म्हणतात.

अण्णा_ओहायो

पेस्टशिवाय मॉली निघत नाही. जेबी किंवा इओसोसारखी पेस्ट म्हणजे फार बारीक घर्षक. नळीच्या पोलादाला तिच्याने जे होतं ते नगण्य, बशर्ते क्राउन आणि थ्रोट सांभाळलेत. धोका पेस्टमध्ये कमी, हातात जास्त.

पहिल्यांदा काजळी सैल करा: भेदक तेल किंवा काजळीचं सॉल्व्हंट नळीत भरपूर फिरवून रात्रभर ठेवा, चेंबरच्या बाजूला कापडाचा बोळा. अमोनियाचं सॉल्व्हंट मात्र असं रात्रभर कधीच नाही. ५ टक्के अमोनियाच्या सॉल्व्हंटला कमाल १५ मिनिटं, आणि ते नळीत वाळता कामा नये, वाळलं तर पोलादावर डाग आणि खड्डे उठतात.

सकाळी पुसून काढा. मग जॅगवर (रॉडच्या टोकाच्या, पॅच धरणाऱ्या भागावर) घट्ट बसणारा पॅच, त्यावर पेस्ट बोटाने चोळून पॅचच्या विणीत जिरवलेली. थ्रोटपासून पुढच्या चार-पाच इंचांत वीसेक छोट्या फेऱ्या, कारण मॉली आणि काजळी तिथेच जास्त. मग पूर्ण लांबीच्या दहा फेऱ्या. तोंडाशी पॅच बाहेर पडू द्यायचा नाही, अर्धा इंच आधी थांबायचं. रॉडवर टेपची खूण करून ठेवली की अंदाज चुकत नाही. पॅच डांबरासारखा काळा येईल. नवा पॅच, परत तेच, एकूण तीन वेळा.

पेस्ट पूर्ण काढणं हे अर्धं काम आहे. ब्रेक क्लीनर किंवा अल्कोहोलचे पॅच, स्वच्छ येईपर्यंत. रायफलिंगच्या चरांच्या कोपऱ्यांत पेस्ट राहते, तिच्यासाठी ओला नायलॉन ब्रश. ब्रेक क्लीनर लाकडी किंवा रंगवलेल्या दस्त्याला लागू देऊ नका, पॉलिश उतरतं.

मग तांब्याचं सॉल्व्हंट. आता कदाचित निळा दिसेल, मॉलीच्या थराखाली दबलेलं जुनं तांबं असू शकतं. इथे जॅग निकेल मुलाम्याचा किंवा प्लास्टिकचा हवा आणि ब्रश नायलॉनचा. पितळी जॅग आणि ब्राँझ ब्रश स्वतःच विरघळून पॅच निळा करतात, आणि माणूस संध्याकाळपर्यंत नळीतलं नसलेलं तांबं काढत बसतो. एक सॉल्व्हंट पुसून काढल्याशिवाय दुसरं घालायचं नाही, आणि घरगुती ब्लीच तर अमोनियाच्या खोलीतसुद्धा आणायचं नाही, विषारी वायू होतो.

शेवटी तेलाचा एक पॅच. गोळी झाडण्याआधी मात्र तो पुसून दोन कोरडे पॅच, आणि चेंबर कोरडं. चेंबरला तेल राहिलं की केस भिंतीला धरत नाही आणि मागचा सगळा धक्का बोल्टच्या लग्जवर (बोल्ट अडकवून ठेवणाऱ्या दातांवर) येतो.

साध्या बुलेटच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांवरून काही ठरवू नका. नळी नव्याने बसते आहे.

चर_आणि_कडा

पेस्टबाबत एकच भर. बोअरस्कोप आणलात तर जे दिसेल ते सगळं काढायला जाऊ नका. थ्रोटमध्ये वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा दिसतील, त्या उष्णतेच्या, घासून जात नाहीत. त्या भेगांत थोडी काजळी राहणारच. स्वस्त बोअरस्कोपने वाचवलेल्या नळ्यांपेक्षा घाबरून पेस्टने झिजवलेल्या नळ्या जास्त असाव्यात असा मला दाट संशय आहे.

शिसं_आणि_मेण

पुण्याहून लिहितोय. इकडचे वाचकही हे वाचतील, म्हणून थोडं .२२ बद्दल. बालेवाडी, वरळी, कोल्हापूर इथे शिकणारी बहुतेक मुलं यावरच असतात. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर थ्री-पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं तो प्रकारही .२२ लाँग रायफलचाच.

इथे मॉलीचा प्रश्न नाही. सामन्याची बुलेट ४० ग्रेनची, शुद्ध शिशाजवळची, जॅकेट नसलेली, वेग ३३० मीटर/सेकंदांच्या आसपास. तिच्यावरचं मेण किंवा चरबीचं वंगण हाच तिचा लेप. भारतात काडतूस भरणं म्हणजे आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ खालचं उत्पादन, परवान्याशिवाय गुन्हा. त्यामुळे वरचं लोडवहीचं सगळं इकडे फक्त वाचायला. नळीची निगा मात्र आपल्या हातात.

काडतुसाचा ब्रँड बदलला की वंगण बदलतं, आणि नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो. नवा थर बसायला पंचवीस-पन्नास गोळ्या जातात. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, तिथे हा फरक चक्क दिसतो. म्हणून लॉट तपासताना दोन वेगवेगळ्या वंगणांच्या काडतुसांचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप आलटून पालटून काढले, तर तुलना निरर्थक ठरते. एका वंगणाची सगळी काडतुसं आधी तपासा, मग नळी पुसा, मग दुसरं.

साफ करताना: .२२ च्या प्रायमिंगमध्ये काचेची पूड असते. ती काजळी आणि शिशासोबत चेंबरच्या पुढच्या टोकाशी कडक कडं करते. मॅच चेंबरमध्ये बुलेट बसतानाच रायफलिंगमध्ये थोडी रुतते, म्हणजे प्रत्येक बुलेट त्या कड्यावरूनच आत जाते आणि तिथे तिचं मेण खरवडलं जातं. मेण गेलेली जागा पुढे शिसं सोडते. सरावानंतर फेल्टचे गोळे: एक सॉल्व्हंटचा, थोडा वेळ थांबून दोन-तीन कोरडे, शेवटी तेलाचा एक. चेंबरकडून ढकलायचे आणि तोंडाशी काढून टाकायचे, परत ओढायचे नाहीत. त्या कड्यासाठी महिन्यातून एकदा ब्राँझचा ब्रश आणि वाट पाहायची तयारी. दोरीचा स्नेक (नळीतून ओढायची साफसफाईची दोरी) वापरत असाल तर तो साबणाने धुवा. न धुतलेला स्नेक म्हणजे जुन्या काचेच्या पुडीने रोज नळी घासणं.

शिसं काढायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय फिरतोय, तो करू नका. त्यातून लेड अ‍ॅसिटेट होतं, ते पाण्यात विरघळतं, कातडीतून आणि तोंडावाटे शरीरात जातं. नळीचं ब्लूइंगही (गंज रोखणारा निळसर-काळा थर) उतरतं. साफसफाईनंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि पॅच जेवणाच्या टेबलावर पसरू नका. मुलं असतील तर हे दोनदा सांगा.

पावसाळा: फोमच्या बॅगेत रायफल ठेवणं सगळ्यात वाईट, फोम ओल धरतो. रेंजवरून आणली की बॅगेतून बाहेर, पुसून, पातळ तेल, कपाटात सिलिका जेल. एसी रेंजमधून मुंबईच्या दमट हवेत काढलेल्या नळीवर आतूनही दव धरतं. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग पुसा. आधी पुसलीत तर ओल पुन्हा जमते.

माधवी_मिलवॉकी

मेण लावलेल्या आणि पॉलिमरच्या रंगीत लेपाच्या शिशाच्या बुलेट लोक एकाच गटात टाकतात, म्हणून थोडक्यात. पॉलिमरचा लेप भट्टीत भाजलेला असतो आणि शिसं नळीला लागू देत नाही. तो नीट भाजलाय का हे पाहायला अ‍ॅसिटोनने भिजवलेलं कापड दहा-पंधरा वेळा घासा. रंग उतरला तर कच्चा. मग एक बुलेट हातोडीने चपटी करा. लेपाचे पापुद्रे निघाले तर तो शिशाला चिकटलेला नाही. असा लेप नळीत सोलून निघतो आणि शिसं तर बसतंच, वर जळक्या प्लास्टिकची पट्टी. ती काढायला ब्राँझ ब्रश आणि संयम लागतो, तांब्याचं सॉल्व्हंट तिथे निरुपयोगी. या बुलेट मुख्यतः पिस्तुलांच्या आणि संथ रायफल लोडच्या आहेत, २,६०० फूट/सेकंदांच्या .३०८ साठी नाहीत.

तात्या_टेक्सासकर

उरलेल्या मॉलीच्या बुलेटवरचा लेप काढून त्या साध्या म्हणून वापरता येतील का?

चर_आणि_कडा

निघतो, पण पूर्ण नाही. वर मेण असेल तर आधी मिनरल स्पिरिट्समध्ये हलवा, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग मक्याच्या कणसाच्या भुशात तीन-चार तास टंबल. तरी जॅकेटच्या सूक्ष्म खाचांत मॉली राहते. अशा बुलेट ना मॉलीच्या ना साध्या, आणि प्रत्येकीवर शिल्लक थर वेगळा, म्हणजे दाबही वेगळा. त्यापेक्षा मॉली वापरणाऱ्या कुणाला बंद डबे देऊन टाका, किंवा आहे त्या नळीत आधी त्या संपवा आणि मगच अण्णांची पेस्टची पायरी करा. आणि तरी टंबल केल्याच, तर तो भुसा नंतर पितळी केससाठी वापरू नका. केसच्या मानेत आतून मॉली लागली की बुलेटची पकड केसागणिक बदलते, आणि क्रोनोग्राफवर वेगाचे आकडे का पसरले हे शोधत बसाल.